घाई करू नये

“हे तुमचं तुम्हाला परत,” असं म्हणून तात्यांनी कापडी पिशवीतून गठ्ठा काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

वाक्य घरून पाठ करून आणलं होतं. बसमध्ये मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं. त्याच्यापुढे आणखी दोन वाक्यं होती. एक, ‘पुस्तक छापायचं राहून गेलं याबद्दल माझी काही तक्रार नाही’, आणि दुसरं, ‘आता ते छापलं नाही तरी चालेल’. पण ती ओठांवर यायच्या आतच समोरच्या संपादक बाईंनी गठ्ठ्याची दोरी सोडली, वरचं पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“आली का ही प्रुफं शेवटी?” बाई म्हणाल्या. “काका, अडीच वर्षं आम्ही यांची वाट बघतोय.”

तात्यांना आधी वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत होतेय, कुणा दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल बोलतायत. म्हणून त्यांनी गठ्ठ्यावर बोट ठेवून सांगितलं की हे माझं आहे, मी पंपहाउसवरचा, बहिणीवर लिहिलेलं ते. बाई म्हणाल्या, हो हो, तेच. त्या उठून मागच्या मांडणीपाशी गेल्या. मांडणीच्या कप्प्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. एकावर ‘वाचायचे’, एकावर ‘छापखान्यात’, आणि सगळ्यात खालच्यावर ‘लेखकाकडे’. बाई खाली बसल्या, त्या खालच्या कप्प्यातून एक फाइल ओढून काढली आणि पदरानं तिच्यावरची धूळ पुसली.

“लेखकाची सही होऊन प्रुफं परत आल्याशिवाय आमच्याकडे एक पान छापखान्यात जात नाही,” त्या म्हणाल्या. “चुका असतील तिथं खुणा करायच्या, शेवटच्या पानावर ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून सही करायची, आणि गठ्ठा परत पाठवायचा. तुमचं तेवढंच तर राहिलं होतं.”

“तेवढंच?” तात्या म्हणाले.

“तेवढंच. बाकी सगळं तयार आहे. मुखपृष्ठसुद्धा.”

त्यांनी फाइलीतून एक जाडसर कागद काढून समोर धरला. लांबच लांब दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्या मागे एक बाई होती. बाईचे फक्त पाय दिसत होते आणि दोरीवर आलेली दहा बोटं. तात्यांनी ते चित्र हातात घेतलं नाही. त्यांचे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले.

तात्या हे नाव त्यांना पंचविशीतच चिकटलं होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर नवीन लागले तेव्हा तोंडात कधी शिवी नाही, कुणाला अरे-तुरे नाही, आणि तासातासाला नोंदवहीत लिहायचे आकडे असे सुबक, की तपासणीला आलेले साहेब आधी वहीचंच कौतुक करायचे. बरोबरचे लोक म्हणाले, हा तर जन्मतःच तात्या होऊन आलेला दिसतोय. झालं! पुढे चौतीस वर्षं ते तात्याच. काम म्हणाल तर तीन पंपांनी खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं आणि दर तासाला दाब आणि पातळी लिहून ठेवायची. यात काय मोठंसं, असं कुणीही म्हणेल. पण अर्ध्या गावाच्या नळाला सकाळी पाणी यायचं ते हा माणूस डोळ्यांत तेल घालून बसायचा म्हणून, आणि गावाला त्याची आठवण व्हायची ती पाणी न आलेल्या दिवशी.

आई गेली तेव्हा तात्या चार वर्षांचे होते. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. घरात मोठं माणूस म्हणावं तर ताई, आणि तीही अजून वेण्यांना रिबिनी बांधणारी. तिनं दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. धाकट्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, आणि जरा मोठी झाल्यावर दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला लागली. चाळीस वर्षं तिनं रोग्यांच्या चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या. तिच्या बोटांची कातडी कायम भिजल्यासारखी असायची. स्थळं आली होती, नाही असं नाही. आधी ती म्हणाली याचं शिक्षण होऊ दे, मग म्हणाली याला नोकरी लागू दे, आणि मग विचारणारेच यायचे बंद झाले. त्याबद्दल तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही. उलट कुणी विषय काढलाच तर म्हणायची, “बरं झालं बाई, एका माणसाच्या चादरी तरी धुवायच्या वाचल्या.”

अशा बाईवर कोण लिहिणार? नोकरी संपली तेव्हा दवाखान्यानं तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्याच्यावरसुद्धा नाव होतं ते घड्याळं देणाऱ्या शेठजींचं. ते घड्याळ तात्यांच्या डोक्यात बसलं. माझ्या ताईचं नाव कशावर तरी असायला हवं, असं त्यांना वाटलं, आणि जवळ काय आहे म्हणून पाहिलं तर सुबक अक्षराशिवाय काही नव्हतं. मग त्यांनी जुन्या नोंदींचे पाठकोरे कागद जमवले आणि दोन नोंदींच्या मधल्या वेळात लिहायला बसले. चार वर्षं लिहीत होते. लागेल ती माहिती ताईकडूनच काढायची, पण तिला पत्ता लागू द्यायचा नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत बसली की हे शेजारी जाऊन बसायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, की ताई, तुमच्या धुलाईखान्यात पहिल्या दिवशी तुला कुणी काम शिकवलं गं? ती हातातली घडी पुरी करून सगळं सांगायची, आणि शेवटी म्हणायची, “तुला रे कशाला हव्यात या नसत्या चौकश्या?”

हे ठाऊक होतं फक्त तात्यांच्या बायकोला. ती म्हणायची, सांगून टाका की त्यांना, चार दिवस आनंदात जातील. तात्या ऐकायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की ताईला जन्मात जे मिळालं ते अर्धवट मिळालं, दुसऱ्याच्या मापाचं मिळालं. लुगडं मिळालं ते मावशीनं नेसून झालेलं, घड्याळ मिळालं ते शेठजींच्या नावाचं. हे तरी तिला पुरतं मिळू दे. शिवलेलं, पुठ्ठ्याचं, वर चित्र असलेलं पुस्तक एके दिवशी तिच्या मांडीवर ठेवायचं आणि म्हणायचं, वाच. ताई वाचायची, हळू वाचायची, ओळीखालून बोट फिरवत. दुकानातून पुडी आली की पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकायची.

लिहून झालं तसं त्यांनी ते टपालानं प्रकाशकाकडे पाठवलं, आणि नवल म्हणजे ते पसंत पडलं. तिथं तेव्हा एक वयस्कर संपादक होते. त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं, की पुस्तक आम्ही काढू. पुढे आठ महिन्यांनी गठ्ठा आला. बायकोनं तो ताईच्या नकळत आत नेला. तात्या कामावरून आले, हातपाय धुतले, पुन्हा एकदा नुसते हात धुतले आणि मग गठ्ठा सोडला. सुटी पानं होती, एका बाजूनं छापलेली. पहिल्याच पानावर ताई विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. आपलं वाक्य, पण छापलेलं! तात्यांना ते पुढे वाचवेना. बायको म्हणाली, अहो, रडताय काय, पानं भिजतील.

गठ्ठ्याबरोबर संपादकांची चिठ्ठी होती. ‘सोबत आपल्या पुस्तकाची प्रुफं पाठवत आहे. काळजीपूर्वक वाचून कळवावे.’ एवढंच. वाचून काय करायचं, कुठं खुणा करायच्या, सही कुठं, परत कधी पाठवायचं, यातलं एक अक्षर नव्हतं. ज्याची हयात छपाईत गेली त्याला हे सांगायला हवं असं सुचतच नाही. आणि तात्यांना एवढंच कळलं, की छापून कसं दिसेल याचा नमुना पाठवलाय, शिंपी कापडाचा तुकडा दाखवतो तसा. पसंत असल्याचं कळवायचं, म्हणजे ते पुढचं काम करतील. त्यांनी तीन दिवस वाचलं. दोन ठिकाणी अक्षरं चुकली होती, तीही त्यांना दिसली. पण ज्यांनी आपल्यासारख्याचं एवढं सोनं केलं त्यांच्या चुका काढायच्या? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. त्यांनी आपल्या सुबक अक्षरात उत्तर लिहिलं. ‘प्रुफं मिळाली. वाचली. फारच सुंदर झाली आहेत. बोट ठेवायला जागा नाही. मी आपला जन्माचा ऋणी आहे.’ पत्र पेटीत टाकलं, गठ्ठा पुन्हा बांधला, आणि ताईच्या खोलीबाहेरच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. मग पुस्तकाची वाट बघत बसले.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. बायको म्हणाली, जाऊन विचारून या. तात्या म्हणाले, अगं, त्यांच्याकडे काय माझं एकट्याचंच पुस्तक आहे? मोठी माणसं, व्याप असतील, आपण तगादा लावला तर म्हणतील, पाहा, एक पुस्तक घेतलं तर डोक्यावर बसला. बायकोनं त्यांना स्पष्ट सुनावलं, की भीड भिकेची बहीण असते, तुम्ही असेच बसाल आणि लोक तुमचं पुस्तक विसरून जातील. तेव्हा एकदा गेलेही. निवृत्त झाले त्याच आठवड्यात, इस्त्रीचा सदरा घालून. प्रकाशकाच्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर उभे राहिले. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत दोन माणसं टेबलावर वाकून काम करताना दिसली. तात्या पंधरा मिनिटं उभे होते. मग त्यांच्या मनात आलं, की कामात आहेत बिचारे, आपलंच काहीतरी करत असतील, कशाला मोडता घालायचा. ते परत फिरले. घरी सांगितलं, साहेब भेटले नाहीत.

त्याच वर्षी ताईच्या छातीच्या दुखण्यानं डोकं वर काढलं. चाळीस वर्षांची वाफ आणि सोडा, डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पार निबर झालीत. ताई पलंगाला खिळली. बोलताना धाप लागायची म्हणून बोलणं कमी झालं, डोळ्यांना अक्षर धड दिसेना म्हणून वाचणंही गेलं. दुपारची ती म्हणायची, धाकट्या, काहीतरी वाचून दाखव रे. तात्या पेपर घेऊन बसायचे.

एक दुपार तात्यांना जन्मभर पुरेल. पेपर वाचून संपला होता. ताई डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली, “पेपरात सगळं मोठ्या माणसांचंच असतं नाही रे. एखादी गोष्ट वाच की, आपल्यासारख्यांची.”

तात्या उठून उभेसुद्धा राहिले. कपाट चार पावलांवर होतं. त्याच्या दाराला हातही लागला. गठ्ठा काढायचा, दोरी सोडायची, आणि ती कळशी घेऊन येतेय तिथून सुरुवात करायची, बस्स, इतकंच करायचं होतं. पण त्यांच्या मनानं पुन्हा तेच घेतलं. सुटे कागद काय वाचायचे तिच्यापुढे? बिनशिवलेलं, बिनपुठ्ठ्याचं? याच महिन्यात येईल पुस्तक, इतके दिवस थांबलो तसे आणखी थोडे. ते मागे वळले आणि म्हणाले, ताई, पुढच्या महिन्यात वाचतो हं, एक चांगली गोष्ट येणार आहे. ती बरं म्हणाली. ती कशालाही बरंच म्हणायची.

पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी तात्या औषध आणायला खाली उतरले होते, तेवढ्यात ताई गेली.

त्यानंतर महिनाभर ते घरात नुसते बसून होते. कपाटासमोरून जाताना मान वळवून जायचे. शेवटी ठरवलं, की तो गठ्ठा ज्यांचा त्यांना देऊन टाकू. नोकरी सोडताना पंपहाउसचा पाना, टॉर्च, किल्ल्या सगळं मोजून परत केलं होतं, तसंच हेही. त्यांची अशी पक्की समजूत होती, की प्रकाशकांनी मन बदललं असावं आणि ते तोंडावर सांगायला त्यांना संकोच वाटला असावा.

आणि आता ही बाई म्हणत होती, आम्ही वाट बघतोय.

बाईंनी फाइल तात्यांच्या समोर उघडून ठेवली. त्यात तात्यांचं ते आभाराचं पत्र होतं, टाचणी लावून जपलेलं. त्याच्या खाली त्या वयस्कर संपादकांनी पेन्सिलीनं शेरा मारला होता. ‘लेखक नवखे आहेत. विषय बहिणीचा, मामला भावनेचा. प्रुफं ठेवून घेतली आहेत, सावकाश पाठवतील. घाई करू नये.’ बाईंनी सांगितलं, की पुढे दोनच महिन्यांत ते साहेब आजारी पडले आणि काम सोडून गावी गेले. त्यांच्या जागी त्या आल्या. ‘लेखकाकडे’च्या कप्प्यातल्या फाइलींना हात लावायचा नाही, लेखकाला टोकायचं नाही, लेखक नाराज होतात, अशी इथली रीत. त्यांनी दोनदा ही फाइल उघडली होती आणि शेरा वाचून दोन्ही वेळा ठेवून दिली होती.

तात्या तो शेरा पुन्हा पुन्हा वाचत राहिले. रागवावं असा कुणी त्यात सापडेना. त्या साहेबांनी चांगुलपणा केला, यांनी चांगुलपणा केला, आणि दोघांच्या चांगुलपणात अडीच वर्षं गेली. बाई आपल्या परीनं समजावत होत्या. म्हणत होत्या, लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही काका, आणि तेही विचारत नाहीत. चार-चार वर्षं खपून लिहितात, पण लिहिल्यावर त्याचं पुस्तक कसं होतं, ते कुठून कुठं जातं, हे बघायला एकदाही इथं जिना चढून येत नाहीत. त्या कुणाला दोष देत नव्हत्या, पण प्रत्येक शब्द तात्यांच्या काळजात जात होता. कारण पंपहाउसवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी तात्याच सांगत आले होते, की बाबा रे, कळलं नाही तर विचार, लाजू नकोस, न विचारता झडप फिरवलीस तर खालची वस्ती बुडेल. आणि सहीचं म्हणाल, तर दुरुस्तीला काढलेला पंप ‘चालू करण्यास हरकत नाही’ अशी सही आल्याशिवाय त्यांनी एकदाही सुरू केला नव्हता. एकदा तर त्या सहीपायी अर्ध्या गावाला दोन तास कोरडं ठेवलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

“मी तेव्हाच सही करून पाठवलं असतं,” तात्यांनी विचारलं, “तर किती दिवस लागले असते?”

“दोन महिने,” बाई म्हणाल्या. “फार तर अडीच. आताही तेवढेच लागतील, काळजी करू नका. आणि प्रकाशनाला ताईंना घेऊन यायचं बरं का. मी हे पुस्तक दोनदा वाचलंय. मला त्यांना बघायचंय.”

“ताई गेली,” तात्या म्हणाले. “सव्वा महिना झाला.”

बाईंच्या हातातलं चित्र टेबलावर आलं. तात्यांना रडायचं नव्हतं, परक्या जागी, परक्या बाईपुढे. पण ते आवरेना. गठ्ठ्यावर डोकं टेकून ते लहान मुलासारखे रडले, आणि रडता रडता सांगत राहिले, की घरात होतं हो, सगळं छापलेलं घरात होतं, तिनं मागितलं होतं, मी कपाटाला हात लावून परत फिरलो. बाईंनी पाणी आणून ठेवलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, की मग आता काय करायचं, फाइल मिटून ठेवू का? तुम्ही म्हणाल तसं. तात्यांना पाठ केलेलं तिसरं वाक्य आठवलं. आता ते छापलं नाही तरी चालेल. पण ते तोंडातून निघेना. ताईला एकदा थांबवलं ते थांबवलं, आता कायमची त्या खालच्या कप्प्यात बसवायची? त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, चष्मा पुसला आणि पेन मागितलं.

बाई म्हणाल्या, सहीच्या आधी थोड्या शंका आहेत, तेवढ्या मिटवून घेऊ. पानांच्या कडेला त्या जुन्या साहेबांनी बारीक पेन्सिलीनं प्रश्न लिहून ठेवले होते. तात्यांनी ते घरी पाहिले होते, पण साहेबांचं आपलं काही खाजगी टिपण असेल म्हणून त्या बाजूला नजरसुद्धा रेंगाळू दिली नव्हती. ते प्रश्न लेखकासाठीच असतात, हे त्यांना आज कळलं. बाई एकेक पान पुढे करू लागल्या. चुकलेली अक्षरं कशी खोडायची, कडेला खूण कशी करायची, ते त्यांनी दाखवलं. तात्यांनी एकदा पाहिलं आणि बरोबर केलं. विहीर घरामागे की देवळापलीकडे? घरामागे. धुलाईखान्यात बायका सात की नऊ? नऊ, दोघी नंतर आल्या. वडिलांचा ट्रक कोणत्या रंगाचा? तो निळाच. भराभर काम होत गेलं. वर्गात उत्तरं येणाऱ्या मुलासारखी त्यांची पाठ जरा ताठ झाली, आणि ताईबद्दल कुणी इतकं बारीक विचारतंय याचं त्यांना बरंही वाटलं.

मग एकसष्टावं पान आलं. बाईंनी प्रश्न वाचला. “पान बारावर म्हटलंय, ताईंनी सातवीतून शाळा सोडली. इथं म्हटलंय, आठवीतून. नक्की कोणतं?”

तात्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. पाहुण्यांना सांगताना ती सातवी म्हणायची, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण आठवीच्या नव्या पुस्तकांना तिनं घातलेली कव्हरंही त्यांना आठवत होती. ती पुस्तकं घेऊन ती शाळेत गेली होती का? महिना तरी बसली होती का आठवीत? की नुसती कव्हरं घालून ठेवली होती?

“लक्षात येत नाही बघा,” ते म्हणाले. “असं करतो, घरी गेल्यावर ताईला विचारतो आणि उद्या सांगतो तुम्हाला.”

 बाईंनी मान खाली घातली आणि समोरच्या पानांच्या कडा सारख्या करत राहिल्या. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज सगळा जाईपर्यंत तात्यांना आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. मग कळलं. वडील नव्हते, आई कधीचीच नव्हती, ताईच्या बरोबरीची कुणी राहिली नव्हती. ही गोष्ट माहीत असलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते अडीच वर्षं या प्रश्नापासून चार पावलांवर झोपत होतं.

“राहू दे काका,” बाई अगदी हळू म्हणाल्या. “कोणतंही एक ठेवू. कुणाला कळणार नाही.”

तात्यांनी मान हलवली. चौतीस वर्षांत त्यांनी न पाहिलेला आकडा वहीत कधी लिहिला नव्हता. त्यांनी बारावं पान पुढे ओढलं, पेनाचं टोक टेकवलं आणि ‘सातवीतून’ हा शब्द एका सरळ रेघेनं खोडला. कडेला आताच शिकलेली खूण केली. मग एकसष्टावं पान घेतलं आणि तशीच रेघ मारून ‘आठवीतून’ खोडला. हीही रेघ सरळ आली. दोन्ही पानांवर आता एवढंच राहिलं होतं, की ताईनं शाळा सोडली.